तालुक्यातला सर्व्हर

बुलढाणा जिल्ह्यातील तहसील कचेऱ्यांत आणि न्यायालयांत सर्व्हर आले ते साधारणपणे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१० च्या सुमारापर्यंत. यंत्र एकदा घेतले की काही वर्षे पुरते. त्यावरची प्रणाली मात्र कायदा बदलला, नमुना बदलला, हिशेबात चूक सापडली किंवा सुरक्षेत फट दिसली की बदलावी लागते, आणि ती एका ठिकाणी बदलून भागत नाही. जिल्ह्याचे तालुके १३, राज्याचे ३५८. एवढ्या जागी एकच प्रणाली बसवायची आणि पुढे वर्षानुवर्षे ती सगळीकडे सारखी ठेवायची, हे काम आधी माणसांनी प्रवास करून केले, मग तारेवरून झाले आणि शेवटी यंत्रे ते आपसांत उरकू लागली. महसूल आणि न्याय या दोन खात्यांनी या एकाच अडचणीवर उलट उत्तरे शोधली. एकाने तालुक्यातला सर्व्हरच उचलला. दुसऱ्याने तो जागेवर ठेवून त्याच्यापर्यंत सुधारणा पोचवण्याची सोय केली. दोन्ही प्रणाली घडल्या मात्र राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, पुणे शाखेत.

जिल्ह्याचा भूगोल या कामाला सोपा नव्हता. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा दुभंगलेला आहे. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे घाटावरचे तालुके. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव वगैरे खालच्या पूर्णा नदीच्या खोऱ्यातले. आणि पूर्णेच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद व संग्रामपूर. मुंबई-नागपूर लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाववरून जातो, खामगावला जलंबहून फाटा येतो, पण जिल्ह्याच्या ठिकाणाला रेल्वे नाही. मुख्यालयातून निघालेली कोणतीही वस्तू, मग ती टपालाची पिशवी असो की सीडी, घाट उतरल्याशिवाय अर्ध्या जिल्ह्यात पोचत नाही.

संगणक येण्याच्या फार आधीपासून सरकारी कामात सुधारणा पोचवण्याची एक पद्धत होती, आणि तिच्यातल्या अडचणी पुढे जशाच्या तशा संगणकात उतरल्या. बुलढाणा ज्यात मोडतो तो वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर तिथे जमिनीची मोजणी व आकारणी सुरू झाली, सर्व्हे नंबर पडले आणि गावोगावी पटवाऱ्याचे दप्तर ठरावीक नमुन्यांत लिहिले जाऊ लागले. १९०५ मध्ये वऱ्हाडातील जिल्ह्यांची फेररचना होऊन खामगाव आणि जळगाव हे तालुके अकोल्याकडून बुलढाण्याकडे आले. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. या प्रत्येक बदलात नियम वरच्या कचेरीत एका दिवसात बदलले, पण गावच्या दप्तरात ते उतरायला वर्षे लागली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची; ती १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली; हक्कनोंदीच्या नोंदवह्यांचे नियम १९७१ चे; आणि आज ज्याला सातबारा म्हणतात तो गाव नमुना सात व बारा यांचा जोड उतारा त्या नियमांतून पक्का झाला. विदर्भातले कास्तकार जुन्या कागदांसाठी ‘अधिकार अभिलेख’, ‘पेरेपत्रक’ ही नावे अजून वापरतात, आणि तलाठ्याला ‘पटवारी’ म्हणणारेही अनेक आहेत. नवी आवृत्ती आली तरी जुनी पुरती जात नाही, हे संगणकतज्ज्ञांना पुढे कळले. महसूल खात्याला ते आधीच ठाऊक होते.

नियमपुस्तकांची तऱ्हाही तशीच. शासनाने किंवा उच्च न्यायालयाने एखादा नियम बदलला की छापील दुरुस्ती-चिठ्ठ्या निघत. अव्वल कारकून त्या आपल्या कचेरीतल्या पुस्तकात योग्य पानावर डकवी आणि चिठ्ठीचा क्रमांक पुस्तकाच्या सुरुवातीला नोंदवी. मधली एखादी चिठ्ठी टपालात गहाळ झाली, किंवा आली पण डकवायची राहिली, तर त्या एका कचेरीपुरता कायदा जुनाच चाले, आणि ते कुणाच्या लक्षात येई तेव्हा प्रकरण अपिलात गेलेले असे. चिठ्ठीला क्रमांक देणे, क्रमाने डकवणे, डकवल्याची नोंद ठेवणे हे तीन नियम आजच्या कोणत्याही स्वयंचलित अद्ययावतीकरणाच्या मुळाशी आहेत. फरक एवढाच की डकवणारा आता कारकून नाही.

एनआयसीची स्थापना १९७६ ची. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिने उपग्रहाच्या छोट्या भू-केंद्रांमार्फत देशातली जिल्हा मुख्यालये ‘निकनेट’ या जाळ्यात जोडायला घेतली, आणि जिल्हाधिकारी कार्यालयात एनआयसीचा कक्ष व जिल्हा सूचना विज्ञान अधिकारी हे पद रूढ झाले. जाळे जिल्ह्यापर्यंत आले, तालुक्यापर्यंत नाही. हा तुटलेला शेवटचा टप्पा पुढच्या वीस वर्षांच्या इतिहासाचे कारण ठरला.

जमिनीच्या नोंदी संगणकावर घेण्याची केंद्र सरकारची योजना १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू झाली. महाराष्ट्रातून वर्धा जिल्हा निवडला गेला. पुढे ती इतर जिल्ह्यांत पसरली आणि १९९७-९८ पासून तालुका पातळीवर यंत्रे बसवून उतारे तिथूनच द्यायचे, असे धोरण आले. देवनागरी पडद्यावर आणण्यासाठी तेव्हा कानपूरच्या आयआयटीत सुरू होऊन पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान वापरले जाई. युनिकोड सरकारी कचेऱ्यांत अजून पोचायचे होते. तहसील कचेरीतली एक खोली ‘संगणक कक्ष’ झाली. दाराबाहेर चपला, आत वातानुकूलन यंत्र, युपीएसच्या बॅटऱ्यांची रांग. विदर्भातल्या भारनियमनाच्या वर्षांत या बॅटऱ्याच कचेरीचे वेळापत्रक ठरवत.

या रचनेत प्रत्येक तहसील स्वयंपूर्ण होती. सर्व्हर तिचा, माहिती तिची, प्रत घेण्याची जबाबदारीही तिची. या रचनेचा मोठा गुण म्हणजे तार तुटली तरी उतारा निघे. दोष मात्र सुधारणेच्या वेळी दिसत. प्रणालीत दुरुस्ती झाली की ती सीडीवर जिल्ह्याला येई आणि तिथून एक जाणकार माणूस तालुक्या-तालुक्याला जाऊन बसवी, किंवा तालुक्यातल्या कर्मचाऱ्याला जिल्ह्याला बोलावले जाई. मेहकरला बसवून लोणारला जाईपर्यंत पुढची दुरुस्ती निघालेली असण्याची शक्यता असे. एका तालुक्यात नवी आवृत्ती, शेजारच्यात त्याआधीची, आणि तिसऱ्यात कुणीतरी स्थानिक गरजेपोटी हाताने केलेला बदल: अशा अवस्थेत दोन तालुक्यांची माहिती एकत्र करायची म्हटले की नमुने जुळत नसत. त्यातही प्रोग्रॅम बदलणे तुलनेने सोपे. त्याच्या पोटातल्या माहितीचा ढाचा बदलणे अवघड. उताऱ्यात एक नवा रकाना घातला तर आधीच्या लाखो नोंदींत तो रकाना कसा भरायचा, हे ठरवल्याशिवाय नवी आवृत्ती सुरूच करता येत नाही.

जगात याच काळात या प्रश्नावर उत्तरे तयार होत होती. अनेक युनिक्स यंत्रांवर एकाच वेळी फायली पोचवणारा ‘आरडिस्ट’ हा प्रोग्रॅम १९८० च्या दशकात बर्कलीत आला. नॉर्वेतील ऑस्लो येथे मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये ‘सीएफइंजिन’ लिहिले आणि त्यात एक महत्त्वाचा विचार मांडला: यंत्राला ‘हे कर, मग ते कर’ असे सांगण्याऐवजी शेवटी त्याची स्थिती कशी असायला हवी ते सांगावे, यंत्राने आपली अवस्था पाहून लागेल तेवढाच बदल करावा. अशी आज्ञा दहा वेळा चालवली तरी नुकसान होत नाही, आणि मध्येच वीज गेली तर पुन्हा चालवता येते. ‘डेबियन’ या लिनक्सच्या वितरणात १९९० च्या दशकाच्या शेवटी ‘ॲप्ट’ आले, त्यामुळे एका आज्ञेत प्रणाली आणि तिला लागणारे इतर सगळे भाग योग्य क्रमाने उतरू लागले. पुढे २००५ मध्ये ‘पपेट’, २०१२ मध्ये ‘ॲन्सिबल’, आणि २०१३ मध्ये प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या सरंजामासकट एका पेटीत बांधणारे ‘डॉकर’. यातल्या बहुतेक साधनांनी एक गोष्ट गृहीत धरली होती: यंत्र जाळ्यावर आहे. वीज आणि तार दोन्ही बेभरवशाची असलेल्या तहसील कचेरीला ही साधने वर्षानुवर्षे परकीच राहिली. म्हणून तालुक्यातली सीडी हा मागासलेपणा मानण्याचे कारण नाही. त्या परिस्थितीत तोच शहाणा मार्ग होता.

महसूल खात्याने २०१० नंतर हा मार्ग सोडला. केंद्राने २१ ऑगस्ट २००८ रोजी राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम मंजूर केला होता. महाराष्ट्राचे राज्य माहिती केंद्र मुंबईत उभे राहिले होते आणि राज्यव्यापी जाळे तालुक्यांपर्यंत आले होते. पुण्याच्या जमाबंदी आयुक्त कार्यालयाने एनआयसीकडून ‘ई-फेरफार’ ही प्रणाली करवून घेतली. तालुक्यांच्या सर्व्हरवरच्या नोंदी आधी जुन्या सांकेतिक लिपीतून युनिकोडमध्ये आणल्या गेल्या आणि मग मध्यवर्ती सर्व्हरवर नेल्या गेल्या. प्रत्येक तालुक्याची माहिती वेगळी ठेवली गेली, पण ती ज्या यंत्रांवर होती ती आता तालुक्यात नव्हती. तलाठ्याने लॅपटॉप उघडायचा, व्हीपीएनवरून जोडायचे, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लावायचे आणि काम करायचे.

सुधारणेचा प्रश्न त्यामुळे जवळजवळ नाहीसा झाला. नवी आवृत्ती एका ठिकाणी बसली की संग्रामपूरपासून सावंतवाडीपर्यंत दुसऱ्या सकाळी तीच चाले. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले की त्याची माहिती थेट तहसीलकडे जाऊन फेरफाराची प्रक्रिया सुरू व्हावी, ही जोडणीही अशा रचनेतच शक्य होती. ३५८ निरनिराळ्या सर्व्हरना ती शिकवणे कुणाच्याही आवाक्यातले नव्हते. कायद्यातली मुदत मात्र कायम राहिली. फेरफाराची नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणीकरण. यंत्र वेगवान झाले म्हणून ते पंधरा दिवस कमी झाले नाहीत, आणि होऊही नयेत.

माहिती हलवणे हे प्रोग्रॅम हलवण्यापेक्षा कितीतरी कष्टाचे निघाले. हस्तलिखित सातबारा आणि संगणकातला सातबारा शब्दशः जुळला पाहिजे, ही अट होती. नावातला एक काना, क्षेत्रातला एक आर, बोजाची एक ओळ यांतला फरक म्हणजे पुढचा दिवाणी दावा. त्यासाठी प्रणालीत ‘एडिट’ आणि नंतर ‘री-एडिट’ अशी स्वतंत्र सोय करावी लागली, आणि २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचनाची मोहीम झाली: तलाठ्याने गावात संगणकावरचे उतारे वाचून दाखवायचे आणि खातेदारांनी चुका सांगायच्या. राज्यातल्या सुमारे अडीच कोटी सातबाऱ्यांचे काम या टप्प्यातून गेले. स्वयंचलित यंत्रणेच्या इतिहासात एवढी मोठी तपासणी तोंडी झाल्याचे उदाहरण विरळाच असेल. खरे तर हीच या प्रकल्पातली सर्वांत भरवशाची पायरी होती, कारण आपल्या बांधावरची चूक शेतकऱ्याइतकी दुसऱ्या कुणाला ओळखू येत नाही. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. सप्टेंबर २०२० मध्ये उताऱ्याचा नमुनाच बदलला, त्यावर राजमुद्रेसह ई-महाभूमीचे बोधचिन्ह आले, आणि हा बदल राज्यभर एकदम झाला. १९७१ च्या नमुन्याला जे साधायला वर्षे लागली ते इथे एका आवृत्तीत झाले.

या सोयीची किंमतही वसूल झाली. सर्व्हर एकाच ठिकाणी आल्याने तो मंदावला की सगळे राज्य मंदावे. दिवसा सर्व तालुक्यांची गर्दी होई, म्हणून अनेक तलाठी रात्री उशिरा किंवा पहाटे बसून नोंदी करीत. ‘सर्व्हर डाऊन’ हे शब्द तहसील कचेरीच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या रोजच्या बोलण्यात आले ते याच काळात. पूर्वी चिखलीचा सर्व्हर बिघडला तर चिखलीचे काम थांबे आणि मेहकरला उतारे मिळत. आता बिघाड झाला की तो दोन्हीकडे असे, आणि तो दुरुस्त करू शकणारा माणूस जिल्ह्यात नसे. तालुक्यातल्या संगणक कक्षाची जाण असलेले कर्मचारी हळूहळू इतर टेबलांवर गेले. याबद्दल फारसे कुणी लिहिलेले नाही, पण बदलाचा हा परिणाम बारीक नव्हे.

न्यायालयांनी दुसरी वाट धरली. सर्वोच्च न्यायालयाची ई-समिती डिसेंबर २००४ मध्ये न्यायमूर्ती जी. सी. भरुका यांच्या अध्यक्षतेखाली नेमली गेली, आणि २००७ मध्ये ई-कोर्ट प्रकल्पाचा पहिला टप्पा सुरू झाला. त्याचा खर्च पुढे ९३५ कोटींवर गेला आणि त्यात देशातली १४,२४९ जिल्हा व तालुका न्यायालये संगणकीकृत झाली. बुलढाणा जिल्ह्यात खुद्द बुलढाण्याचे जिल्हा व सत्र न्यायालय आणि खामगाव, मलकापूर, मेहकर यांसारख्या ठिकाणच्या न्यायालय संकुलांना आपापले सर्व्हर मिळाले. दावा दाखल करणे, तारीख देणे, रोजची कामकाज यादी, रोजनामा, निकाल ही सगळी नोंद ‘केस इन्फर्मेशन सिस्टिम’, म्हणजे सीआयएस, या प्रणालीत होऊ लागली.

सर्व्हर संकुलातच ठेवण्यामागे कारण होते. न्यायालयाचे काम ठरलेल्या वेळी सुरू होते आणि पक्षकार बाहेर उभे असतात. मुंबईची किंवा दिल्लीची तार तुटली म्हणून मेहकरच्या दिवाणी न्यायाधीशांना आज कोणते दावे बोर्डावर आहेत हे कळू नये, हे चालण्यासारखे नव्हते. शिवाय न्यायदानाची नोंद कार्यपालिकेच्या यंत्रांवर किती अवलंबून असावी, हा प्रश्नही न्यायालयांना महसूल खात्यापेक्षा जास्त टोचणारा. मग सुधारणेची जुनी अडचण पुन्हा समोर आली, आणि या खेपेला देशाच्या प्रमाणावर. पहिल्या टप्प्यात निरनिराळ्या उच्च न्यायालयांनी आपापल्या नियमांप्रमाणे प्रणालीत बदल करून घेतले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या हद्दीतली दाव्यांची वर्गवारी एक, दुसऱ्या राज्यातली दुसरी. प्रत्येक राज्याची आवृत्ती वेगळी झाल्यावर पुण्यात केलेली एक दुरुस्ती सगळीकडे लागू करणे अशक्य झाले.

दुसऱ्या टप्प्याच्या २०१४ च्या धोरणात यावर उपाय म्हणून प्रणालीचे दोन थर ठरवले गेले. आतला गाभा देशभर एकच राहील आणि तो फक्त पुण्याहून बदलेल. बाहेरच्या परिघात प्रत्येक उच्च न्यायालयाने आपले नमुने, आपली भाषा, आपले अहवाल जोडावेत, पण गाभ्याला हात लावू नये. कागदोपत्री साध्या दिसणाऱ्या या सीमारेषेवरच स्वयंचलित सुधारणेचा सगळा डोलारा उभा राहतो. स्थानिक बदल कुठे संपतात हे यंत्राला ठाऊक नसेल, तर नवी आवृत्ती बसवताना ते पुसले जातात. आणि ते पुसले जातील या भीतीने तालुक्यातला माणूस आवृत्ती बसवायचे टाळतो. सर्व्हरवर उबुंटू लिनक्स, आधी मायएसक्यूएल आणि नंतर पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस, सगळे मुक्त स्रोताचे. परवान्याचा खर्च वाचला ही त्यातली लहान बाब. प्रत्येक संकुलात अगदी एकसारखी मांडणी बसवता आली, हा फायदा मोठा.

अशा सर्व्हरवर सुधारणा बसवण्याचा क्रम कोणत्याही काळजीपूर्वक केलेल्या प्रणालीत सारखाच असतो. न्यायालयाचे कामकाज संपल्यावर प्रणाली थांबवायची. डेटाबेसची पूर्ण प्रत घेऊन ती वेगळ्या जागी ठेवायची आणि ती उघडते का ते पाहायचे. सध्याची आवृत्ती कोणती हे तपासायचे. तिच्या पुढच्या दुरुस्त्या क्रमाने लावायच्या, मधली एकही न गाळता. प्रत्येक दुरुस्ती लागली की तिचा क्रमांक डेटाबेसमधल्या एका तक्त्यात नोंदवायचा. प्रणाली सुरू करून नेहमीचे एक-दोन व्यवहार करून पाहायचे. आणि काही बिघडले तर रात्रीच जुन्या प्रतीवर परतायचे. हाताने केले तर यात दमलेल्या माणसाकडून एखादी पायरी गळते, बहुधा प्रत घेण्याची. ती सारी पायऱ्यांची साखळी एका स्क्रिप्टमध्ये बांधली की सिस्टिम ऑफिसरचे काम ती सुरू करणे आणि शेवटचा संदेश वाचणे एवढ्यावर येते. दुरुस्ती-चिठ्ठीचा क्रमांक पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहिणारा अव्वल कारकून हा तक्ता पाहून चकित झाला नसता.

माहिती उलट्या दिशेने, म्हणजे संकुलाकडून वर, पाठवण्याचे काम पूर्णपणे यंत्रांवर सोपवले गेले. राष्ट्रीय न्यायिक माहिती जाल, म्हणजे एनजेडीजी, सप्टेंबर २०१५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. संकुलातल्या सर्व्हरवर झालेली नोंद आपोआप तिथे जाते आणि मलकापुरातल्या दाव्याची पुढची तारीख पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाला मोबाइलवर दिसते. त्यासाठी प्रत्येक दाव्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक देण्यात आला: दोन अक्षरे राज्याची, दोन जिल्ह्याची, मग न्यायालयाचा संकेतांक, अनुक्रमांक आणि वर्ष. ऑगस्ट २०१८ मध्ये सीआयएसची ३.० ही आवृत्ती आली, नंतर ३.२ आणि ४.०. दरम्यान दुसऱ्या टप्प्यात देशातल्या २,९९२ न्यायालय संकुलांना वेगवान जाळ्याने जोडण्याचे काम हाती घेतले गेले. तार भरवशाची झाल्यावर सर्व्हर संकुलात ठेवण्याचे जुने कारण सैल पडले. सप्टेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ७,२१० कोटींच्या तिसऱ्या टप्प्यात सुमारे १,२०५ कोटी क्लाउडसाठी आहेत. न्यायालयेही, उशिरा का होईना, महसूल खात्याच्या दिशेने निघाली आहेत.

सहकारी क्षेत्राचा प्रवास याच दोन टोकांमधला. बँकांच्या यांत्रिकीकरणाबद्दल सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समित्यांनी १९८४ आणि १९८९ साली अहवाल दिले, आणि पुढच्या दशकात शाखेगणिक स्वतंत्र संगणक आला. बुलढाणा अर्बन ही १९८६ साली बुलढाण्यात स्थापन झालेली पतसंस्था याच पिढीतली. तिच्यासारख्या शाखांचे जाळे विणणाऱ्या संस्थांना शाखा-शाखांतल्या वेगळ्या वह्यांपासून एका सामाईक खातेवहीपर्यंत जावेच लागते. गावपातळीवरच्या विविध कार्यकारी सेवा सोसायट्या मात्र दीर्घकाळ गटसचिवाच्या हातच्या खातेवहीवरच चालल्या. २९ जून २०२२ रोजी केंद्राने ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. तिच्यात तालुक्याच्या सर्व्हरचा टप्पाच नाही. प्रणाली देशभर एक, क्लाउडवर, आणि सोसायटीत फक्त संगणक. वर्ध्याच्या प्रयोगापासून शिकलेला धडा इथे सुरुवातीलाच वापरला गेला.

एका जागी केलेली सुधारणा क्षणात सगळीकडे पोचते, तशीच चूकही पोचते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरच्या विंडोज यंत्रांतल्या माहितीला कुलूप लावले. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले. १९ जुलै २०२४ रोजी उलट घडले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची सदोष सुधारणा आपोआप उतरली आणि सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली, विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले. पहिल्या घटनेत आळस महाग पडला, दुसऱ्यात घाई. यातून बाहेर पडण्याचा रूढ उपाय म्हणजे नवी आवृत्ती आधी थोड्या जागी चालवायची, काही दिवस पाहायचे, आणि मग पसरवायची.

हा उपाय बुलढाण्यासह राज्यभरच्या शिवारांत ‘ई-पीक पाहणी’च्या रूपाने दिसतो. गाव नमुना बारातली पिकांची नोंद पूर्वी तलाठी करी. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून करायची सोय टाटा ट्रस्टच्या साहाय्याने राज्यभर झाली. तालुक्याचा सर्व्हर गेला तेव्हा सुधारणा बसवण्याचे कामही संपले असे वाटले होते. ते शेतकऱ्याच्या खिशात आले. लाखो मोबाइल, निरनिराळ्या कंपन्यांचे, निरनिराळ्या वयाचे, आणि सातपुड्याच्या पायथ्याला रेंज येते-जाते. पहिल्या हंगामातल्या अडचणी पाहून १ ऑगस्ट २०२२ रोजी दुसरी आवृत्ती आली. तिच्यात केलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करता येऊ लागली, शेतापासून किती दूर उभे राहून छायाचित्र घेतले ते दिसू लागले, आणि तलाठ्याची पडताळणी दहा टक्के नोंदींपुरती राहिली. केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी जोडलेले पुढचे ॲप २०२४ च्या खरिपात प्रत्येक जिल्ह्यातल्या एका तालुक्यात आधी चालवले गेले आणि त्यानंतरच्या रब्बीत सगळ्या राज्यात लागू झाले. जुने ॲप मोबाइलवरून काढून नवे उतरवून घेण्याचे काम गावागावांत तलाठी, कोतवाल आणि ज्यांच्या हाती मोबाइल सराईतपणे चालतो अशा पोरांनी केले.